झोपलेल्या वर्गाची चाचणी

दुपारी बारा चाळीसला आमच्याकडे दिवे मालवतात. कारखाना असो, कचेरी असो की शाळा, डबा खाऊन झाला की टेबलावर हातांची उशी करायची, डोकं टेकवायचं आणि एक वीसपर्यंत कुणी कुणाला हाक मारायची नाही. या चाळीस मिनिटांत ज्याचा फोन वाजेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आमच्या कंपनीत मात्र या वेळी एक बाई टक्क जागी असते. पंग युएछिन, वय चोपन्न, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. आम्ही तिला छिनताई म्हणतो. मालक तिच्या पाठीमागे तिला घुबड म्हणतो, आणि हे तिला माहीत आहे.

मी आ-चुआन. शाळांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये वायफायचे डबे बसवणारी आमची छोटी कंपनी आहे. गेली सहा वर्षं छिनताई शिडीवर चढते आणि मी शिडी धरतो. तिच्याबद्दल लिहावं असं पुष्कळ दिवस मनात आहे, पण लिहायला बसलो की आधी तिचा राग आठवतो आणि मग मला माझाच राग येतो. तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

ताई डोंगरपट्ट्यातल्या, हाक्का भाषा बोलणाऱ्या घरातली. शरदात पर्सिमनची केशरी फळं सोलायची, पाट्यांवर मांडून वाऱ्यात वाळवायची, हे तिचं लहानपण. एकोणिसाव्या वर्षी ती शिन्चू शहरातल्या एका कारखान्यात लागली. आधी तिथे मोडेम व्हायचे, पुढे वायफायचे डबे. तिचं काम चाचणीचं. डबा एका लोखंडी खोलीत ठेवायचा, दार घट्ट लावायचं, म्हणजे बाहेरची कसली लहर आत येत नाही, आणि मग तो कसा बोलतो ते तपासायचं. काही वर्षांनी नव्या डब्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापून यायला लागलं, ‘एकाच वेळी आठ जणांना सेवा.’ खोलीत डब्यासमोर यंत्र मात्र एकच. एकाशी नीट बोलला की पास.

"आठ म्हणता तर समोर आठ ठेवा ना," ताई तिथल्या साहेबाला म्हणाली.

"एकाशी जमतं त्याला आठांशीही जमतं."

"मग लग्नात एका पाहुण्याला वाढलं की अख्खा मांडव जेवला म्हणायचं का?"

साहेबानं तिला गप्प बसवलं. म्हणून ती दुपारी सगळे झोपले की फडताळावरची सात यंत्रं गोळा करायची, लोखंडी खोलीतल्या एकाशेजारी मांडून आठ पुरी करायची आणि रोज एक डबा आपला आपण तपासायची. दहांतले तीन डबे आठ जण समोर आले की गांगरायचे. ती ते वहीत लिहून ठेवायची. पुढे परदेशातून माल परत आला, तेव्हा ती वही साहेबानं मागून नेली, आठ यंत्रांची चाचणी सुरू केली आणि त्याबद्दल त्याला बक्षीस मिळालं. ताईला काय मिळालं, तर दुपारी डोळा न लागण्याची सवय. नंतर तो विभागच व्हिएतनामला गेला. ज्यांना घरी पाठवलं त्यांना प्रत्येकी एक भाताचा कुकर आणि एक सामूहिक फोटो. फोटोत ताई एकटीच हसत नाही.

मग ती आमच्याकडे आली. आणि आमच्याकडे काय चालतं ते आता ऐका.

दोन वर्षांपूर्वी सगळ्या शाळांतल्या मुलांना टॅबलेट मिळाले. त्यामुळे प्रत्येक वर्गात वायफाय हवं, आणि ते बसवायला आमच्यासारख्या कंपन्या. डोंगराच्या कुशीत शांगकेंग नावाचं गाव आहे, तिथली शाळा आमच्या वाट्याला आली. पाचवीच्या वर्गात अठ्ठावीस मुलं. ताईनं आधीच बजावलं होतं, डबा छतावर, वर्गाच्या मधोमध. पण छतातून वायर न्यायची तर अर्धा दिवस जातो आणि व्हरांड्यातली वायर थेट दारापर्यंत आलेली होती. नेमकी त्या आठवड्यात ताईची अक्कलदाढ सुजली आणि ती दोन दिवस रजेवर गेली. मालकाला तेवढंच हवं होतं.

"दारावर लाव," तो मला म्हणाला. "दारावर काय नि छतावर काय, हवा एकच आहे."

मी लावला. दारावर, आतल्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात. आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे अधिकारी त्संगसाहेब चाचणीला आले, बारा चाळीसला. ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. तासाला व्यत्यय नको म्हणून चाचणी झोपेच्या वेळी. पोरं डोकी टेकवून झोपलेली, टॅबलेट वर्गातल्या लोखंडी कपाटात कड्या लावून ठेवलेले, पडदे ओढलेले. मालकानं नवाकोरा लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि बोटानं खूण केली, डब्याच्या बरोबर खाली उभा राहा. मी राहिलो. पडद्यावर असा झकास आकडा आला की त्संगसाहेबांनी चवड्यांवर उभं राहून तो दोनदा पाहिला. सगळे कुजबुजत ‘छान, छान’ म्हणाले, व्हरांड्यात कागदावर शिक्के उठले आणि आम्ही पाय न वाजवता निघून गेलो. अठ्ठावीस गिऱ्हाइकांसाठी उघडलेलं हॉटेल आम्ही सगळी गिऱ्हाइकं घोरत असताना तपासलं. मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्याआधी कुणी बोललं नव्हतं, म्हणून मीही बोललो नाही.

दोन महिन्यांनी शाळेतून फोन यायला लागले. वर्गशिक्षिका फानबाई. मुलांनी एकदम टॅबलेट उघडले की काहींचे चालतात, काहींच्या पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरतं. मालकानं फोन ठेवताना प्रत्येक वेळी तेच म्हटलं, "म्हातारीला यंत्र कळत नाही. पोरं गेम खेळत असतील."

चौथा फोन ताईनं उचलला आणि त्याच दुपारी आम्ही शांगकेंगला पोचलो.

फानबाईंची नोकरी एकतीस वर्षांची, पुढच्या वर्षी निवृत्त. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही, टेबलावर दोन कागद आपटले.

"हा पहिला वाचा. जिल्ह्यानं टॅबलेटवर हाक्का ऐकण्याची परीक्षा घेतली. चित्र हलतं, आवाज येतो, मग उत्तर द्यायचं. मिनिट झालं की प्रश्न आपोआप पुढे. माझ्या नऊ पोरांच्या पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि प्रश्न पुढे गेले. मी तेव्हाच कळवलं, तर म्हणाले चाचणी झालेली आहे, यंत्र उत्तम आहे. आता ही यादी आली. ‘हाक्का समजत नाही, अतिरिक्त मार्गदर्शन आवश्यक.’ बुधवारी अख्खी शाळा जेवून घरी जाते, ही नऊ मागे थांबतात. काय शिकायला? आपल्या आजीची भाषा ऐकायला!"

यादीतल्या एका नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"गू शिनया. आईबाप शहरात कामाला, पोरगी आजीपाशी. आजीला हाक्काशिवाय दुसरी भाषा येत नाही. मलासुद्धा जुना शब्द अडला तर मी या पोरीला विचारते. हिला वीसपैकी शून्य! आणि आजीनं काय केलं माहीत आहे? ती म्हणाली, भाषा तर पोरीला येते, म्हणजे कान गेले असणार. मागच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे नेलं, येत्या शनिवारी मोठ्या दवाखान्यात नेणार आहे. आणि आता हा दुसरा कागद बघा."

तो आमच्या चाचणीचा कागद होता. ‘तंत्रज्ञ पंग युएछिन यांच्या उपस्थितीत अठ्ठावीस उपकरणे एकाच वेळी तपासण्यात आली. सर्व समाधानकारक.’ खाली लाल शिक्का, ताईच्या नावाचा.

"हा तुमचाच ना?" फानबाई म्हणाल्या. "मग माझ्या पोरांना ठोंब ठरवताना तुम्ही हजर होतात म्हणायचं."

ताईनं कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि खाली ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"आ-चुआन, त्या दिवशी मी कुठे होते?"

"दातांच्या डॉक्टरकडे."

"आणि माझं नाव इथे काय करत होतं?"

ते मालकाचं काम होतं. आमच्याकडे प्रत्येक कामगाराच्या नावाचा एकेक लाकडी शिक्का कचेरीतल्या ड्रॉवरमध्ये असतो. रजेचा अर्ज, विम्याचा कागद, असलं काही आलं की मालक आपणच उठवून टाकतो, दर वेळी माणसाला कुठे बोलवायचं म्हणून. सगळीकडे असंच चालतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. एखाद्या शून्याखाली तो शिक्का बसेल हे कुणाच्या डोक्यात येतं?

ताई फानबाईंसमोर कमरेत वाकली. "मी इथे नव्हते," ती म्हणाली. "पण नाव माझं आहे. मला वर्ग दाखवा."

शाळा सुटलेली होती. ताई रिकाम्या वर्गात डब्याखाली उभी राहिली आणि तिथून तिनं त्या नऊ जागा विचारल्या. फानबाईंनी एकेका खुर्चीवर हात ठेवला. नऊच्या नऊ मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात, दारापासून सगळ्यात लांब, एकमेकांना चिकटून. मध्ये टॅबलेटचं ते लोखंडी कपाट उभं. यादीबरोबर आलेल्या त्संगसाहेबांच्या पत्रात होतं की, ‘अप्रगत विद्यार्थी बहुधा मागेच बसतात.’ त्या माणसाला सगळं दिसलं, फक्त कपाट तेवढं दिसलं नाही!

तिथून ताईनं मला शिनयाच्या घरी चल म्हटलं. अंगणभर पर्सिमनच्या पाट्या मांडलेल्या होत्या आणि आजी स्टुलावर बसून वाळत आलेली फळं मऊ व्हावीत म्हणून दाबत होती. गाव तिला आपो म्हणतं, आपो म्हणजे आजीच. शिनया बाजूला पाट्या फिरवत होती. ताई खाली बसली, न विचारता एक फळ हातात घेतलं आणि अंगठ्यानं दाबायला लागली. म्हातारीनं तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. हात सराईत आहे हे तिला कळलं.

"आपो, पोरीचे कान ठीक आहेत."

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. ते यंत्र लावणाऱ्यांतली आहे."

"मग बोलू नका," आपो म्हणाली. "सरकारचा कागद आलाय. माझ्याशी पहाटेपासून हाक्कात वाद घालणारी पोर हाक्का समजत नाही म्हणे. मग एक तर कागद वेडा, नाहीतर कान. सरकारी कागद कसा वेडा होईल?"

"होतो," ताई म्हणाली. "ऐका. शाळेत जेवण येतं तेव्हा बादलीपाशी एकच वाढपी असला तर काय होतं? एकेकाच्या ताटात वाढत जातो. हात भराभर चालला तर कुणाला थांबल्यासारखं वाटत नाही, पण वाढतो एका वेळी एकालाच. जुने डबे असे होते. हा नवा डबा चार हातांचा आहे. तो आधी बारीकशी हाक मारतो. प्रत्येक टॅबलेट कळवतो, मला ती हाक अशी अशी ऐकू आली. त्यावरून डब्याला अंदाज येतो, कोण कुठे आहे. मग तो एका दमात चौघांशी वेगवेगळं बोलतो, आणि असं बेतून बोलतो की एकाचं दुसऱ्याच्या कानात जाऊ नये."

"चांगलं आहे की मग."

"चांगलंच आहे. मी कारखान्यात कित्येक वर्षं तेच तपासलं. पण ते चौघं चार बाजूंना हवेत. एकाच कोपऱ्यात, एकाच रेषेत खेटून बसले की डब्याला त्यांच्यात फरकच करता येत नाही. मग चार हात असून तो एका हातानं वाढतो. त्यात ही पोरं लांब, मध्ये लोखंड. लांबच्याशी सावकाश, शब्द सुटा करून बोलावं लागतं. तोवर मिनिट संपतं आणि परीक्षा पुढे जाते. तुमच्या पोरीला ऐकू आलं नाही असं झालंच नाही, आपो. तिला कुणी ऐकवलंच नाही."

आपो दाबायची थांबली. "आणि तपासलं कुणी नाही?"

"तपासलं. पोरं झोपलेली असताना."

म्हातारीनं हाक्कात जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. तिच्यातलं एक अक्षरही फुकट गेलं नाही एवढं सांगतो. शिनया पाट्यांमागून म्हणाली, "आपो, वाईट बोलू नकोस, पाहुणे आहेत." अस्सल हाक्कात. ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि ती उठली ती तडक गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर ती काढलेल्या दाढेच्या जागी जीभ फिरवत राहिली.

कचेरीत आल्या आल्या तिनं ड्रॉवर उघडला, शिक्क्यांचा खोका उपडा केला आणि आपला शिक्का शोधून मुठीत घेतला.

"काय तमाशा आहे हा?" मालक म्हणाला.

"माझं नाव घेऊन जातेय."

"छिनताई, शिक्का एवढा मनाला लावून घ्यायचा नसतो. सगळे असंच करतात. चाचणी झोपेच्या वेळीच होते. वर्ग जागा असला की गोंधळ असतो."

"त्या गोंधळासाठीच डबा लावलाय!" ताईचा आवाज असा चढला की बाहेर दुचाकीला किक मारणारा माणूस थांबला. "झोपलेल्या पोरांना वायफाय कशाला? स्वप्नं उतरवून घ्यायला?"

"एका डोंगराळ शाळेच्या नऊ पोरांसाठी तू—"

"किती पोरं असली म्हणजे मोजायची, तेवढं सांगा. नऊ कमी पडतात का? आकडा सांगा, मी तेवढी गोळा करते."

मालकानं ड्रॉवर ढकलून बंद केला. पण फानबाईंनी तोवर जिल्ह्याला लेखी तक्रार केलेली होती, आणि फेरचाचणीची तारीख आली. गुरुवार. वेळ, बारा चाळीस! वाचून मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तक्रार काय, तर चाचणी झोपेच्या वेळी घेतली म्हणून, आणि तिची चौकशी कधी, तर झोपेच्या वेळी. तासाला व्यत्यय नको ना!

गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा वर्गात अंधार होता. त्संगसाहेब मऊ तळव्याचे बूट घालून आले होते. मालकानं लॅपटॉप काढला आणि मला डब्याखाली जायची खूण केली. मी जागचा हललो नाही. तोवर फानबाई दारात आल्या. ज्या बाईनं एकतीस वर्षं या चाळीस मिनिटांत कुणाला पेन्सिल पाडू दिली नव्हती, तिनं भिंतीवरचे चारही दिवे एकदम लावले.

"उठा रे सगळे! टॅबलेट काढा!"

अठ्ठावीस डोकी वर आली. कुणाच्या गालावर बाहीची घडी उमटलेली, कुणाची लाळ पुसायची राहिलेली. एक जण म्हणाला, "बाई, भूकंप झाला का?"

"बाई, ही झोपेची वेळ आहे," त्संगसाहेब सवयीनं कुजबुजले.

"मोठ्यानं बोला, सगळे जागे आहेत," फानबाई म्हणाल्या. "मागच्या परीक्षेतला पहिला उतारा. एकदम सुरू करा."

अठ्ठावीस बोटं पडली. पुढच्या बाजूनं आवाज यायला लागले. मागच्या कोपऱ्यात नऊ चक्रं फिरत होती. मी स्वतः जाऊन मोजली. नऊ पोरं पडद्याकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती, आपलंच काहीतरी चुकल्यासारखी. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"मुलांनी काहीतरी भलतं दाबलं असेल," त्संगसाहेब म्हणाले, आणि मालकानं मान डोलावली.

"आ-चुआन, शिडी," छिनताई म्हणाली.

मी शिडी लावली आणि ती चढली. तिनं दारावरचा डबा काढला, बरोबर आणलेली लांब वायर त्याला जोडली, शिडी मधोमध आणायला लावली. छताला एक आकडा होता, कंदिलांच्या सणाला मोठा कंदील लावायचा. त्याला तिनं डबा टांगला.

"परवानगीशिवाय हे चालणार नाही," मालक म्हणाला. "आ-चुआन, शिडी सोड!"

मी सोडली नाही. शौर्य वगैरे काही नाही, वर बाई उभी होती. पण ती खाली असती तरी सोडली नसती, असं मी आता तरी म्हणतो.

डबा पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं लागली. ताई शिडीच्या वरच्या पायरीवर तशीच बसून राहिली आणि तिथून तिनं चारी बाजूंना पाहिलं. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी डाव्या हाताला, कुणी उजव्या. पोरं होती तिथेच होती, फक्त डबा त्यांच्या मध्ये आला होता.

"आता लावा," ती म्हणाली.

आणि अठ्ठावीस टॅबलेटमधून एका म्हातारीचा आवाज हाक्कात बोलायला लागला, ‘ढग आलेत, पाट्या आत घ्या. पुढच्या अंगणात चार आहेत, मागे तीन. सांगा बरं एकूण किती?’

"सात," शिनया म्हणाली. प्रश्न पुरा संपलाही नव्हता. आणि लगेच पुढे, "पण चार नि तीन एका खेपेत येणार नाहीत. आपोला दोनदा जावं लागेल."

वर्ग हसला. फानबाईंनी पाठ फिरवून फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्संगसाहेबांनी घाम टिपला आणि नवा कागद पुढे केला. "ठीक आहे, जागा बदलल्याची नोंद करू. किरकोळ तांत्रिक दुरुस्ती. तंत्रज्ञांचा शिक्का द्या, म्हणजे प्रकरण आजच मिटेल."

"आणि ही नऊ नावं?" ताई म्हणाली.

"निकाल लागून गेलाय. वर्षभर बुधवारी थांबतील, जास्तीचं शिकलं तर बिघडत काय?"

तेव्हा छिनताई शिडीवरून उतरली. शिक्का तिच्या मुठीत होता आणि मूठ त्संगसाहेबांच्या नाकासमोर.

"बिघडत काय? या पोरीचे कान तपासले जातायत, साहेब. डबा बहिरा होता आणि डॉक्टरकडे पोरीला नेलं. तुम्ही यंत्राला ‘किरकोळ’ लिहिता आणि पोरांना ‘समजत नाही’ लिहिता. यंत्राला लाज नसते, पोरांना असते. नऊ नावं आधी काढा. कारण लिहा, ‘आवाज पोचवला नाही.’ मग शिक्का. नाहीतर हा कागद असाच उघडा राहील आणि तुमच्या साहेबांना मी सांगेन की तुम्ही दोनदा झोपेत तपासायला आलात."

मालकाची नजर सवयीनं आपल्या बॅगेकडे गेली. बॅगेत शिक्का नव्हता.

त्संगसाहेबांनी फोन लावला, व्हरांड्यात पंधरा मिनिटं बोलले, परत आले आणि उभ्यानं लिहिलं. नऊ नावांवर एकेक रेघ ओढली, कारण लिहिलं, त्यावर आपला शिक्का उठवला. ताईनं ते तीनदा वाचलं. एका ठिकाणी त्यांनी ‘पोचला नाही’ लिहिलं होतं. तिनं तिथे बोट ठेवून ‘पोचवला नाही’ करायला लावलं. मग तिनं शाईच्या डबीत शिक्का दाबला आणि कागदावर स्वतःच्या हातानं उठवला.

एक वीसची घंटा झाली. आम्ही शिडी गाडीवर बांधत होतो तेवढ्यात शिनया फाटकापर्यंत धावत आली.

"मावशी, मग शनिवारी दवाखान्यात जायचं की नाही? आपो विचारेल."

"नाही जायचं."

"म्हणजे माझ्या कानांना काही झालं नव्हतं?"

"काहीसुद्धा नाही," ताई म्हणाली. "कधीच काही झालं नव्हतं."

पोरगी पळत वर्गात गेली. ताई गाडीत बसली, तिनं पट्टा लावला. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"आ-चुआन, या वर्षी माझ्यामागे झोपेच्या वेळी चाचणी केलेल्या शाळा किती? खरं सांग."

"ही धरून एकोणीस."

"आणि शिक्का?"

"सगळीकडे तुझाच."

तिनं मूठ उघडली. शिक्क्याची लाल शाई तिच्या तळव्याला लागली होती, ती तिनं पुसली नाही.

"कचेरीत नको जाऊस," छिनताई म्हणाली. "शिडी वर आहेच. सगळ्यात जवळची कुठली?"